मंद प्रकाशाच्या फिशटँकमध्ये पाने कुजणे आणि शेवाळ परत परत येणे : समस्या निवारण

दोन-अडीच फुटांची काचेची टाकी, तिच्यात अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन आणि थोडे जावा मॉस अशा पाणवनस्पती, वर साधा एलईडी दिवा, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही, आणि रासबोरा, टेट्रा, गप्पी, कोरीडोरास असे शांत स्वभावाचे मासे. पुण्यातल्या घरांमध्ये मला दुरुस्तीसाठी दाखवली जाते ती टाकी बहुधा अशीच असते आणि तक्रारही बहुधा एकच असते. तीन-चार महिने सगळे छान चालते, मग पाने खराब होऊ लागतात, शेवाळ चढते, वैतागून टाकी पूर्ण उपसून धुतली जाते आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच होते. उपसून धुण्याने कारण दूर होत नाही, उलट टाकीत स्थिरावलेले उपयोगी जिवाणू धुऊन जातात, म्हणून हा बिघाड परततो.

लक्षणे

अनुबियासच्या जुन्या पानांच्या कडांवर, लाकडावर आणि फिल्टरच्या तोंडाशी काळपट, आखूड केसांचे झुबके दिसत असतील आणि ते बोटाने चोळून निघत नसतील, तर ते ब्लॅक बिअर्ड शेवाळ आहे. रंगाने काळे दिसले तरी ते लाल शेवाळांच्या गटातले आहे. त्याचा तुकडा स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला तर लालसर रंग उघड होतो, आणि खात्री करून घेण्याचा हा सोपा मार्ग आहे. काचेवर हिरवे, टणक ठिपके असतील तर प्रकाश जास्त वेळ मिळतो आहे असे समजावे. वाळूवर आणि मॉसवर निळसर हिरवा, चिकट पापुद्रा पसरला असेल, तो सलग सोलून निघत असेल आणि त्याला मातकट, कुबट वास असेल, तर ते खरे शेवाळ नव्हे. तो सायनोबॅक्टेरिया नावाचा जिवाणूंचा थर आहे. पुसताच निघणारा तपकिरी थर बहुधा नव्या टाकीत पहिल्या दोन महिन्यांत येतो आणि आपोआप ओसरतो, त्यासाठी काहीही करू नये.

वनस्पतींकडे पाहताना क्रिप्टोकोरिनची पाने पारदर्शक होऊन विरघळल्यासारखी गळतात का, अनुबियासचे आडवे खोड मऊ पडले आहे का, आणि जावा फर्नच्या जुन्या पानांना भोके पडत आहेत का, हे पाहावे. जावा फर्नच्या पानाखाली दिसणारे तपकिरी उंचवटे मात्र रोग नसतात. ते बीजाणू तयार करणारे पुंजके असतात, आणि पानाच्या टोकावर फुटणारी चिमुकली मुळे म्हणजे नवे रोप असते. अशी निरोगी पाने कापून टाकलेली मी वारंवार पाहिली आहेत.

माशांचे लक्षण एकच, पण महत्त्वाचे: पहाटे, दिवा लागण्यापूर्वी, मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन भराभर तोंड उघडमिट करतात आणि दुपारपर्यंत पूर्ववत होतात. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात, त्यामुळे टाकीतला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. मासे पहाटे वर येत असतील तर पुढच्या तपासण्यांची वाट न पाहता त्याच रात्रीपासून हवेचा पंप आणि एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) चालू ठेवावा.

तपासणीचा क्रम आणि एक नियम

मंद प्रकाशाची टाकी मुळातच सावकाश चालते. अनुबियासला एक नवे पान यायला काही आठवडे लागतात, म्हणून आज केलेल्या बदलाचा परिणाम परवा दिसत नाही. या टाक्यांमधले बहुतेक बिघाड काही कमी पडल्याने होत नाहीत, तर प्रकाश, खाद्य, मासे किंवा औषधे गरजेपेक्षा जास्त दिल्याने होतात. आणि बिघाड दिसताच घाईने आणखी काही घातले जाते, त्याने गुंता वाढतो. म्हणून नियम असा की एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत तारखेसह लिहावा आणि दोन आठवडे थांबावे. जिवाला धोका असलेल्या गोष्टी, म्हणजे पहाटे वर येणारे मासे किंवा पाण्यात आढळलेला अमोनिया, याला अपवाद आहेत. तिथे थांबू नये.

१. दिवा आणि खिडकीतले ऊन

पहिल्या तपासणीला खर्च नाही. दिवा किती तास चालू असतो हे घरातल्या सगळ्यांना विचारावे, कारण बहुतेक घरांत तो सकाळी उठल्यावर लागतो आणि रात्री झोपताना बंद होतो, म्हणजे १४-१५ तास होतात. अशा टाकीला ६ ते ७ तास पुरतात. बाहेरून कार्बन डायऑक्साइड दिला जात नसल्यामुळे वनस्पती पाण्यात विरघळलेल्या थोड्याशा कार्बनवरच जगतात, आणि तो संपल्यावरचा उजेड त्यांच्या फारसा कामी येत नाही. तो शेवाळाच्या पथ्यावर पडतो. प्लगमध्ये बसणारा टायमर घ्यावा, कारण रोजच्या वेळा सारख्या राहणे हे एकूण तासांइतकेच महत्त्वाचे आहे.

दिव्याचे तास बरोबर असूनही शेवाळ येत असेल तर खिडकी तपासावी, आणि ती वर्षातून दोनदा तपासावी. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या खिडकीतून ऊन आत येत नाही. डिसेंबरच्या अखेरीस तो भर दुपारीही क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो. खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असेल तर त्या दिवसांत दुपारीही ऊन सहा फुटांपर्यंत आत येते, आणि सकाळ-संध्याकाळी त्याहून लांब. उन्हाळ्यात जागा निवडून ठेवलेली टाकी हिवाळ्यात उन्हात येते ती अशी. शेवाळ दिवाळीनंतर वाढते आणि होळीच्या सुमारास कमी होते, असे कोणी सांगितले की मी आधी खिडकीकडे पाहतो. खिडकीच्या बाजूच्या काचेवर बाहेरून जाड पुठ्ठा चिकटवून दोन आठवडे पाहावे. फरक पडला तर कारण सापडले, आणि मग कायमचा पडदा लावावा किंवा टाकीची जागा बदलावी. पाणी हिरवे झाले असेल किंवा निळसर पापुद्रा असेल, तर पापुद्रा नळीने ओढून घेऊन टाकी तीन दिवस चादरीने पूर्ण झाकून ठेवण्याचा उपयोग होतो. त्या काळात हवेचा पंप चालूच हवा.

२. रोपे हातात घेऊन पाहणे

अनुबियास, जावा फर्न आणि बुसेफॅलँड्रा या वनस्पतींचे खोड आडवे असते. पाने त्यातून वर जातात आणि मुळे खाली. ते खोड वाळूत पुरले गेले की कुजते. रोप हलकेच वर घ्यावे, खोडावरून अंगठा फिरवावा आणि नखाने किंचित दाबून पाहावे. निरोगी खोड कच्च्या बटाट्यासारखे टणक आणि आतून हिरवट असते. कुजलेला भाग तपकिरी होऊन बोटाखाली दबतो, साल सुटून येते आणि आंबूस घाण वास येतो. तेवढा भाग स्वच्छ ब्लेडने निरोगी हिरवा भाग दिसेपर्यंत कापून टाकावा आणि उरलेले रोप शिवणाच्या सुती दोऱ्याने लाकडाला किंवा दगडाला बांधावे. वाळूत फक्त मुळे गेली तरी चालतात, खोड मात्र उघडे राहिले पाहिजे.

दुकानातून छोट्या जाळीदार कुंडीत आलेल्या रोपांची मुळे कापसासारख्या रॉकवूलमध्ये गुंतलेली असतात. ते सगळे सोडवून काढावे, कारण त्यात गाळ अडकतो आणि मुळे गुदमरतात. अशी बरीच रोपे रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्यात गेल्यावर त्यांची जुनी पाने झडतात आणि पाण्यातली नवी पाने यायला वेळ लागतो. क्रिप्टोकोरिनची सगळी पाने गळाली तरी मुळे पांढरट आणि घट्ट असतील तर ते रोप जिवंत आहे. गळालेली पाने काढावीत आणि रोपाला जागचे हलवू नये. तीन ते सहा आठवड्यांत बहुधा नवी पाने येतात. मेले म्हणून उपटून फेकलेले क्रिप्टोकोरिन बहुतेक वेळा मेलेले नसते, याचे मला खरेच वाईट वाटते.

३. खाद्य

घरात मासे असले की प्रत्येकालाच माया येते. आजोबा सकाळी चहाबरोबर चिमूटभर घालतात, मुले शाळेतून आल्यावर घालतात आणि रात्री आई-बाबांना वाटते की आज मासे उपाशी राहिले. न खाल्लेले खाद्य वाळूत जाऊन कुजते, त्यातून अमोनिया आणि पुढे नायट्रेट तयार होते, आणि साठलेल्या सेंद्रिय कचऱ्यावर ब्लॅक बिअर्ड शेवाळ फोफावते. औषधांच्या दुकानात आठवड्याच्या गोळ्या ठेवायची सात कप्प्यांची डबी मिळते. रविवारी एकाच व्यक्तीने तिच्यात खाद्य भरावे, उपासाच्या दिवसाचा एक कप्पा रिकामा ठेवावा आणि मोठा डबा कपाटात ठेवून द्यावा. कप्पा रिकामा दिसला की आजचे खाद्य दिले गेले हे कोणालाही न विचारता कळते. एका वेळचे खाद्य दोन मिनिटांत संपले पाहिजे. निरोगी प्रौढ माशांना आठवड्यातून एक दिवसाचा उपास सहज सोसतो.

४. फिल्टर आणि पाण्याचा प्रवाह

फिल्टरचा स्पंज केव्हा आणि कोणत्या पाण्याने धुतला, हा प्रश्न मी प्रत्येक घरी विचारतो. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू मुख्यतः याच स्पंजमध्ये वस्ती करून असतात. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली तो पांढरा होईपर्यंत धुतला की ते मोठ्या प्रमाणात मरतात, आणि नंतरच्या काही दिवसांत मासे सुस्तावतात. टाकीतूनच काढलेले पाणी बादलीत घ्यावे, स्पंज त्यात तीन-चार वेळा पिळावा आणि तपकिरी रंग पूर्ण जाण्याआधीच परत बसवावा. पिळल्यावर बादलीतले पाणी गढूळ होणे हीच खूण पुरेशी आहे.

प्रवाह तपासण्यासाठी खाद्याचे दोन-चार दाणे पाण्यात सोडून ते कुठे अडकतात ते पाहावे. ज्या कोपऱ्यात दाणे आणि गाळ साचतो तिथेच निळसर पापुद्रा आधी दिसतो. फिल्टरचे तोंड थोडे वळवले तरी बऱ्याच वेळा काम होते. पाण्याच्या पृष्ठभागावर तेलकट साय दिसत असेल तर पृष्ठभाग हलत नाही, म्हणजे प्राणवायू पुरेसा मिसळत नाही.

वीज जाण्याचा मुद्दा यातलाच आहे. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसात उपनगरांमध्ये वीज तासन् तास जाते. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमधल्या पाण्यात तेवढ्या वेळात प्राणवायू उरत नाही आणि जिवाणू मरू लागतात. वीज आल्यावर तो फिल्टर तसाच चालू केला की ते घाण पाणी टाकीत जाते. चार-पाच तासांहून जास्त वेळ वीज गेली असेल तर फिल्टर उघडून आतले पाणी फेकावे, माध्यम, म्हणजे जिवाणू राहतात तो आतला स्पंज वगैरे, टाकीच्या पाण्यात खळबळावे आणि मगच चालू करावा. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

५. तापमान

काचेवर चिकटवायच्या पट्टीऐवजी पाण्यात बुडवायचा साधा तापमापक घ्यावा आणि सकाळी सहा वाजता व दुपारी चार वाजता नोंद करावी. बहुतेक माशांना आणि या वनस्पतींना २४ ते २७ अंश सेल्सियस मानवते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा गारठा घरातही उतरतो आणि हीटर नसलेली टाकी रात्रीत बरीच थंड होते. त्या धक्क्याने क्रिप्टोकोरिन पाने टाकते आणि माशांवर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येतो. ५४ लिटरच्या टाकीला ५० वॉटचा हीटर पुरतो. उन्हाळ्यात उलटी अडचण येते. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो आणि ३० अंशांना साडेसातच्या आसपास; पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे तो आणखी थोडा कमी मावतो. म्हणून मे महिन्यात टाकीचे झाकण उघडून वर जाळी ठेवावी आणि हवेचा पंप रात्रभर चालवावा. बर्फ टाकू नये.

६. पाणी

पुण्यात बिघाड परत परत येण्याचे कारण सर्वाधिक वेळा मला इथेच सापडले आहे. महापालिकेचे पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांच्या साखळीतून येते, पिंपरी-चिंचवडला ते मुख्यतः पवना धरणातून मिळते. सह्याद्रीत पडलेल्या पावसाचे हे पाणी तुलनेने मृदू असते. बोअरचे पाणी मात्र बेसॉल्टच्या भेगांतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येते आणि चांगलेच जड असते. अनेक सोसायट्यांमध्ये जमिनीखालच्या टाकीत पालिकेचे पाणी, बोअरचे पाणी आणि मार्चपासून जूनपर्यंत टँकरचे पाणी एकत्र होते. वाघोली, उंड्री किंवा बाणेरसारख्या भागात राहणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. म्हणजे नळ तोच, घर तेच, पण पाणी दर महिन्याला निराळे; आणि टाकीतले पाणी निम्मे बदलले की मासे आणि वनस्पती एका दिवसात वेगळ्याच पाण्यात जाऊन पडतात.

यासाठी पहिले साधन म्हणजे टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण दाखवणारे यंत्र. पाण्यात कोणते क्षार आहेत हे तो सांगत नाही, पण नळाच्या पाण्यात बदल झाला आहे हे तो नक्की दाखवतो. पाणी बदलण्यापूर्वी दर वेळी टाकीचे आणि नळाचे आकडे लिहावेत. दोन्हींत मोठी तफावत असेल तर एकदम २५ टक्के पाणी बदलण्याऐवजी दोन-तीन दिवसांच्या अंतराने १० टक्के बदलावे. दुसरे साधन म्हणजे थेंबांचे टेस्ट किट. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असले पाहिजेत, नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली, शक्यतो २० च्या आसपास असावे. अमोनिया किती घातक ठरेल हे पाण्याच्या सामूवर (पीएच) आणि तापमानावर अवलंबून असते. जड, अल्कधर्मी पाण्यात आणि उन्हाळ्यात तोच अमोनिया अधिक विषारी होतो. नळाच्या पाण्याचीही हीच चाचणी करावी, कारण काही बोअरच्या पाण्यात नायट्रेट मुळातच जास्त असते आणि मग पाणी बदलून ते कमी होत नाही.

नुसती भर घालण्याची सवयही तपासावी. बाष्पीभवनाने पाणी जाते, क्षार मागे राहतात, आणि त्यावर जड पाण्याची भर घातली की टाकीतला जडपणा महिन्यागणिक चढत जातो. याच्या उलट, केवळ मृदू पाणी वापरणाऱ्या आणि क्वचितच पाणी बदलणाऱ्या जुन्या टाकीत कार्बोनेटचा साठा संपतो आणि सामू अचानक घसरतो. दोन्हींवर उपाय एकच आहे: दर आठवड्याला थोडे पाणी काढून मगच नवे घालावे.

घरातल्या आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी साठवून फरशी पुसायला वापरणे चांगलेच आहे, पण ते टाकीत घालू नये. गाळून वेगळे केलेले सगळे क्षार त्यात एकवटलेले असतात. सोसायटीत मिठावर चालणारा सॉफ्टनर असेल तर तिथे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या जागी सोडियम येते, आणि वनस्पतींना नेमके पहिले दोन लागतात. अशा घरी सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचे पाणी वापरता येईल का, हे सोसायटीत विचारावे.

क्लोरीनसाठी अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात घालावेत, किंवा पाणी उघड्या बादलीत एअर स्टोन लावून २४ तास ठेवावे. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवण्याचा दिवस बहुधा गुरुवार असतो आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा, कमी दाबाने व अनेकदा गढूळ येते. म्हणून पाणी बदलण्याचा वार शुक्रवार ठेवू नये. बुधवारी दोन बादल्या भरून ठेवणे सर्वांत सोयीचे पडते.

७. माशांची संख्या आणि निवड

मासे कमी करणे अवघड असते, कारण जीव लागलेला असतो. म्हणून ही तपासणी क्रमात उशिरा येते. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला १००० ने भागले की लिटर मिळतात. दोन फूट लांब आणि एक फूट रुंद-उंच टाकी ५४ लिटरची भरते, आणि वाळू, लाकूड, वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात ४५ च्या आसपास पाणी उरते. एवढ्यात आठ-दहा हार्लेक्विन रासबोरा, तळाशी सहा पिग्मी कोरीडोरास आणि एक हनी गोरामी आरामात राहतात. त्यापुढे जाऊ नये.

संख्या जास्त झाली आहे का, हे नायट्रेटच्या आकड्यावरून पक्के कळते. आठवड्याभरात नायट्रेट लिटरला १० मिलिग्रॅमने वाढत असेल आणि दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदलले जात असेल, तर नळाचे पाणी नायट्रेटमुक्त असतानाही ते वाढत वाढत बदलण्यापूर्वी ४० वर जाऊन स्थिरावते. वाढच १५ असेल तर ते ६० वर थांबते. पाणी नियमित बदलूनही शेवाळ का येते, याचे उत्तर अनेकदा या साध्या हिशेबात असते.

शेवाळ खाण्यासाठी म्हणून दुकानातून सकर मासा आणला जातो. लहानपणी तो बोटाएवढा असतो, पण फूटभराहून मोठा होतो, खूप विष्ठा करतो आणि ब्लॅक बिअर्ड शेवाळाला हातही लावत नाही. तो दुकानदाराला परत द्यावा. मुठेत, पाषाणच्या तलावात किंवा कुठल्याही ओढ्यात सोडू नये. मुळा-मुठेचे पाणी पुढे भीमेला आणि उजनीला जाते, आणि परदेशी मूळ असलेला हा मासा देशातल्या अनेक जलाशयांत पसरून स्थानिक माशांना त्रासदायक ठरला आहे. गोल्डफिशही या टाकीत नको. तो कोवळी पाने खातो आणि त्याला थंड पाणी व मोठी जागा लागते. छोट्या गोगलगाई एकाएकी वाढल्या तर त्यांना औषध घालू नये, खाद्य कमी करावे.

८. खत आणि औषधे

वरचे सगळे जागेवर असेल आणि तरीही जावा फर्नच्या जुन्या पानांना भोके पडत असतील, तर पोटॅशियम कमी असण्याची शक्यता आहे. पाण्यात घालायचे द्रवखत बाटलीवरच्या निम्म्या प्रमाणात आठवड्यातून एकदा पुरते. क्रिप्टोकोरिन मुळांतून खाते, तिच्या मुळाशी खताची गोळी खोचावी.

ब्लॅक बिअर्ड शेवाळ पूर्ण झाकलेली पाने कापून टाकणे सर्वांत उत्तम. मोजक्या पानांवर असेल तर अनुबियास बांधलेले लाकूड बाहेर काढून ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने फक्त शेवाळावर लावावे, तीन-चार मिनिटांनी स्वच्छ पाण्याने धुवावे आणि परत ठेवावे. औषधांच्या दुकानात मिळते ते बहुधा २० व्हॉल्यूमचे, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांचे असते. त्यात तेवढेच पाणी मिसळावे. हातमोजे घालावेत. मॉसवर हा प्रयोग करू नये. काही दिवसांत शेवाळ गुलाबी, मग राखाडी होऊन गळते. कारण दूर न करता हे केले तर ते परत येणारच.

जनरल टॉनिक म्हणून मिळणारे रंगीत द्रव किंवा मूठभर मीठ प्रत्येक तक्रारीवर घातले जाते, ते या टाकीत टाळावे. मिठाने वनस्पती आणि कोरीडोरास दोन्हींना त्रास होतो, आणि कोणत्या रोगासाठी काय घालतो आहोत हे माहीत नसताना औषध घालणे धोक्याचे आहे.

९. वाळू

ही सर्वांत कष्टाची तपासणी आहे, आणि आधीच्या सगळ्या करून झाल्याशिवाय तिला हात घालू नये. रोपांच्या मधल्या मोकळ्या जागेत काडी हलकेच खुपसावी. बुडबुडे वर येऊन कुजक्या अंड्यांसारखा वास आला तर वाळूच्या आत प्राणवायू पोहोचत नाही. एका वेळी टाकीचा एक चतुर्थांश भागच सायफनने साफ करावा, पुढचा भाग दोन आठवड्यांनी. सगळी वाळू एकाच दिवशी ढवळली तर साठलेली घाण एकदम पाण्यात येते आणि मासे दगावतात.

कुठे थांबायचे आणि कोणाला बोलवायचे

पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच हात काढावा आणि टाकीला पुन्हा न शिवता भिंतीवरची सर्व बटणे किंवा मेन स्विच बंद करावा. हीटरची काच तडकली आहे किंवा पंपाची वायर उघडी पडली आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. ते उपकरण दुरुस्त करू नये, बदलावे; आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचे अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) तपासून घ्यावा. इथे स्वतः प्रयोग करू नये.

सांध्यातून पाणी झिरपत असेल किंवा स्टँड वाकलेला दिसत असेल तर टाकी अर्ध्याहून खाली उपसून मासे बादलीत एअर पंपासह ठेवावेत आणि टाक्या बनवणाऱ्या कारागिराला बोलवावे. भरलेल्या टाकीला बाहेरून सिलिकॉन लावून गळती टिकाऊपणे थांबत नाही. चार फुटांहून मोठी टाकी जुन्या इमारतीत ठेवायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्यावा. पाण्याचे वजन लिटरला एक किलो असते, आणि काच, वाळू व स्टँडचे वजन त्यात आणखी मिळते.

एका दिवसात अनेक मासे मेले, किंवा अंगावर जखमा, पोट फुगणे, खवले उभे राहणे अशी लक्षणे दिसली आणि अमोनिया व नायट्राइट शून्य असतील, तर माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला दाखवावे. माशांचे डॉक्टर मोजकेच असतात, म्हणून त्यांचा पत्ता आधीच शोधून ठेवावा. प्रतिजैविके स्वतःच्या मनाने घालू नयेत. नुकत्याच मेलेल्या माशाला पिशवीत घालून बर्फावर न्यावे, गोठवू नये. सोबत टाकीच्या पाण्याची भरलेली बाटली आणि नोंदवही न्यावी; मागच्या दोन महिन्यांत काय बदलले, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

नळाच्याच पाण्यात अमोनिया सापडला किंवा नायट्रेट फार जास्त आढळले, तर प्रश्न टाकीपुरता राहत नाही. ते पाणी माशांसाठी वापरणे थांबवावे, नमुना पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यावा आणि अहवाल येताच सोसायटीच्या समितीकडे लेखी द्यावा, कारण तेच पाणी घरातली माणसेही वापरत असतात.